गोवर ‘निघू द्या’ म्हणणाऱ्यांना

‘गोवर ही निसर्गाचीच लस आहे. एकदा अंगावर नीट निघाला की मूल जन्मभर कणखर होतं. लस टोचूनही गोवर होतोच. शिवाय त्या लसीने मुलींना वंध्यत्व येतं.’ हा फॉरवर्ड आता माझ्या भाचीपर्यंत पोहोचलाय. तिच्या बाळाला नुकताच नववा महिना संपलाय, म्हणून उत्तर आजच.

आधी ‘कणखर’. घडतं नेमकं उलट. पूर्वीच्या आजारांची आठवण शरीरातल्या ज्या पेशी ठेवतात, त्यांच्यावरच गोवराचा विषाणू तुटून पडतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचा अभ्यास आला. गोवराआधीचं आणि गोवरानंतर सुमारे दोन महिन्यांनी घेतलेलं रक्त ताडून पाहिलं, तर इतर रोगांविरुद्ध कमावलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं (रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं) गायब होती. लस टोचलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. पुरळ मावळलं, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मूल मात्र न्यूमोनिया-जुलाबापुढे उघडं पडलं, असं होतं ते यामुळे.

त्यात ‘उष्णता बाहेर पडू दे’ म्हणून खाणं तोडणं हा तर गुन्हाच. दूध, पाणी, जेवण चालूच ठेवायचं. डॉक्टरांकडून ‘अ’ जीवनसत्त्व लगोलग दोन दिवस द्यायचं: वर्षापुढच्या मुलाला रोज २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख. डोळे वाचतात ते त्याने.

लस घेऊनही गोवर होतो, हे अर्धं खरं आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं नवव्या महिन्यात थोडी उरलेली असतात, ती लसीला नीट रुजू देत नाहीत. शंभरातल्या साधारण पंधरा बाळांना पहिला डोस लागू पडत नाही. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस त्यांच्यासाठीच आहे, आणि तोच लोक चुकवतात. हाताळणीतही चूक होते: पावडर द्रावणात कालवली की कुपी ४ तासांत टाकून द्यावी लागते, नाहीतर तिच्यात जंतू वाढतात. कुपी किती वाजता फोडली, हे सिस्टरना बेधडक विचारा.

वंध्यत्वाला काडीचा आधार नाही. उलट हीच लस रुबेलापासूनही (पुरळ आणणारा दुसरा विषाणूजन्य आजार) वाचवते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष घेऊन जन्मू शकतं.

आणि हे रोग हटतात. श्रीलंकेने २०१९ मध्ये गोवराचं आणि २०२० मध्ये रुबेलाचं निर्मूलन केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं. त्यासाठी दोन्ही डोस ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचावे लागतात.

भाचीने याच आठवड्यात बाळाला न्यावं. उजव्या दंडावर, कातडीखाली, ०.५ मिली. आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप किंवा बारीक पुरळ आलं तर घाबरू नये. ज्यांचा डोस राहिलाय, त्यांना पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो.