उंटावरून शेळ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय (किंवा महोदया, नावच नाही तर कळणार कसं),

बुद्धिबळातल्या बलाढ्य खेळाडूंच्या डावांतून स्ट्रॅटेजी, म्हणजे लांब पल्ल्याची आखणी, कशी शिकावी यावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी ती जशीच्या तशी देतो (टॅक्टिक्स म्हणजे दोन-चार खेळ्यांतले डावपेच, अल्फाझीरो म्हणजे स्वतःशीच खेळून बुद्धिबळ शिकलेला संगणक प्रोग्राम):

"लेख बरा आहे. पण कारपॉव-उन्झिकर डाव १९७४चा आहे, १९७५चा नाही. मुळात थोरामोठ्यांचे डाव बघून स्ट्रॅटेजी येत नाही. आपल्यासारख्यांचे डाव कुठल्या तरी खेळीला मोहरा फुकट घालवल्यामुळे संपतात, तेव्हा आधी टॅक्टिक्स सोडवावेत आणि स्वतःचे हरलेले डाव तपासावेत. अल्फाझीरोनं तर माणसाचा एकही डाव बघितला नव्हता. असो, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं."

सुरुवात 'लेख बरा आहे'नं. हा 'बरा' मला चांगला ओळखीचा आहे. भाजी कशी झालीय विचारल्यावर जो येतो, तोच.

आधी चूक कबूल करतो. फ्रान्समधल्या नीसच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमधला तो डाव १९७४चाच. १९७५ साली तेव्हाचा जगज्जेता फिशर कारपॉवविरुद्ध जगज्जेतेपदासाठी खेळायला उतरला नाही आणि कारपॉव न खेळता जगज्जेता झाला. ते साल डोक्यात होतं, बोटांनी तेच लिहिलं. दुरुस्ती केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार, मनापासून. माझी चूक मी मान्य करतो हे इथे नोंदलेलं असू द्या, कारण पुढे कुणी मला हेकट म्हणेल.

आता 'बघून'. तुमचं सगळं म्हणणं या एका शब्दावर उभं आहे. लेखात मी 'बघा' असं एकदाही लिहिलेलं नाही. शोधून पाहा. मी लिहिलं होतं 'झाका'. डाव पटावर मांडायचा, पुढची खेळी कागदानं झाकायची, आपली खेळी वहीत लिहायची, का खेळलो तेही एका ओळीत लिहायचं, आणि मग कागद सरकवायचा. एका डावाला दोन तास लागतात. कधी दोन संध्याकाळी. याला तुम्ही बघणं म्हणत असाल, तर गवई रियाझ करतो त्याला गुणगुणणं म्हणा.

उदाहरण देतो, म्हणजे हवेत बोलतो असं व्हायला नको. ब्युनोस आयर्स, १९७१, फिशर विरुद्ध पेट्रोस्यान, सामन्यातला सातवा डाव. फिशरचा घोडा सी५ वर (घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा). असा घोडा मिळाला की आपण दिवसभर खुशीत असतो. समोर पेट्रोस्यानचा डी७ वरचा उंट, मलूल. २२व्या खेळीला फिशरनं तो देखणा घोडा देऊन तो मलूल उंट मारला. मी खेळी झाकली होती तेव्हा माझ्या वहीत तीन पर्याय होते आणि तिन्हींत घोडा जागेवर होता. कागद सरकवला आणि पहिल्यांदा वाटलं, छपाईची चूक असणार. मग लक्षात आलं की तो उंट बी५ वर येऊन पांढऱ्या उंटाशी अदलाबदल करायला बघत होता, त्यामुळे तो दिसतो तितका मलूल नव्हता. आणि सी पट्टी अडवून बसलं होतं कोण? तोच देखणा घोडा. घोडा गेला, २३व्या खेळीला हत्ती सी१ वर आला, २४व्या खेळीला सी७ वर घुसला. ३४ खेळ्यांत डाव आटोपला. मोहरा पटावर किती सुंदर दिसतो याला किंमत नसते, पटावर काय उरतं याला असते, हे मला त्या दिवशी समजलं. मी तीन वेळा चुकलो म्हणूनच समजलं. नुसतं बघितलं असतं तर 'वा, फिशर!' म्हणून पान उलटलं असतं. तसं तुम्ही करत असाल तर तो डावांचा दोष नाही.

अनुभव विचारलात म्हणून सांगतो. म्हणजे विचारला नाहीत, पण 'शेळ्या हाकणं'चा अर्थ तोच. शाळेत असताना दोन वर्षं मी फक्त कोडी सोडवली. पांढऱ्याची खेळी, दोन खेळींत मात. काळ्याची खेळी, तीन खेळींत मात. शेकड्यानं. तुमच्या सल्ल्याचा आदर्श विद्यार्थी होतो असं समजा. मग एका स्पर्धेत एका वयस्कर गृहस्थांशी गाठ पडली. आजोबाच म्हणा. प्याद्यांची साखळी अडकलेली, मारायला काही नाही, शह द्यायला काही नाही. कोड्याखाली लिहिलेलं असतं की इथे काहीतरी आहे. पटाखाली तसं लिहिलेलं नसतं. मी हत्ती एका घरानं पुढे नेला, मग मागे आणला, मग परत पुढे. तेवढ्यात आजोबांनी राजा सरकवला, घोडा तीन खेळ्यांत पलीकडच्या बाजूला नेला, एक प्यादं पुढे केलं, आणि तोवर माझ्या एकाही मोहऱ्याला हलायला जागा उरली नव्हती. एकही मोहरा फुकट न घालवता मी हरलो. डाव संपल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "तुमचा घोडा कुठे असायला हवा होता असं वाटतं?" मला उत्तर आलं नाही. हा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं.

तेव्हापासून वही सुरू झाली. आणि उंटाचा विषय तुम्हीच काढलात, तर त्याच कारपॉव-उन्झिकर डावातला उंट बघा (बघाच, आता). २४व्या खेळीला कारपॉवनं उंट ए७ वर नेऊन बसवला, उघड्या ए पट्टीच्या मधोमध, स्वतःच्या हत्तीची वाट अडवून. पण वाट उन्झिकरच्या हत्तीचीही अडली. त्याला हत्तींची अदलाबदल करून मोकळं होता येईना. मग कारपॉवनं उंटाच्या आडोशाला दोन्ही हत्ती एकामागे एक लावले. आता उंट कधी हलेल या धाकानं काळे मोहरे तिकडेच खिळून राहिले. गंमत अशी की उंट शेवटपर्यंत हललाच नाही. पट्टी उघडलीच नाही. कारपॉवनं दुसऱ्या बाजूला, राजावर, प्यादी पुढे नेली, वजीर आणि घोडे तिकडे वळवले, आणि ४४व्या खेळीनंतर उन्झिकरनं डाव सोडला. उंटावर बसून शेळ्या हाकणं याहून चांगलं कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमची म्हण मी कौतुक म्हणून घेतो.

काही महिन्यांनी एका स्पर्धेत माझ्यापुढे जवळपास तशीच स्थिती आली. अडकलेला मध्य, उघडी ए पट्टी. मी उंट ए७ वर नेला. समोरचा बराच वेळ पटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. दहा खेळ्यांत त्याचा श्वास कोंडला. पुढे घोड्याच्या दुहेरी माऱ्यात माझा वजीर गेला आणि तो डाव मी हरलो, पण तो मुद्दा वेगळा. ती खेळी माझ्या हातून आली कुठून, हा मुद्दा आहे. तुम्ही या ओळीवर बोट ठेवणार हे मला ठाऊक आहे. ठेवा.

शास्त्रीय आधारच हवा असेल तर तोही आहे. १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांनी (आडनाव चेस, खेळाशी संबंध नाही, स्पेलिंगही वेगळं) खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला आणि आठवून मांडायला सांगितला. खऱ्या डावांतल्या स्थिती कसलेल्या खेळाडूनं नवख्याच्या कितीतरी पुढे जाऊन मांडल्या. मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले, तेव्हा हा फरक जवळपास उरला नाही. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. त्याच्या डोक्यात खऱ्या डावांचे आकार साठले होते. ते साठतात कुठून? आणि फिशर रशियन वाचायला शिकला तो सोव्हिएत बुद्धिबळ मासिकं वाचता यावीत म्हणून. त्यालाही कुणीतरी सांगायला हवं होतं की डाव बघून काही होत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टॅक्टिक्स सोडवावेत, हो. नको असं कुणी म्हटलं? स्वतःचे हरलेले डाव तपासावेत हे तर इतकं उघड आहे की लिहिण्याची गरज वाटली नाही. अल्फाझीरोनं माणसांचे डाव बघितले नाहीत हे खरं, पण तो स्वतःशी कोट्यवधी डाव खेळला. तुमच्याकडे तेवढी सवड असेल तर तुमचा मार्ग वेगळा, माझा वेगळा.

मतभेदाचं वाईट वाटत नाही. पाच मुद्दे मांडून शेवटी 'असो' म्हणायचं आणि त्या 'असो'च्या मागे लपून टोमणा मारायचा, याचं वाटतं. तेही स्वतःचं नाव झाकून. मी खेळी झाकायला सांगितली होती.

तुमच्यासाठी एक काम देतो. झुरिक, १९५३, रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोस्यान. इंजिन (खेळी सुचवणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवा, डाव मांडा आणि काळ्याच्या २५व्या खेळीवर कागद ठेवा. पांढऱ्याची मधली प्यादी धावत सुटायच्या बेतात आहेत, काळ्याला मात द्यायची संधी नाही, फुकटचा मोहरा मिळत नाही. अर्धा तास घ्या. सोडवलेल्या कोड्यांच्या जोरावर ती खेळी सापडली, तर इथे कळवा. तुमची प्रतिक्रिया मी लेखाच्या वर लावीन, नावासकट.