महामारीच्या हातात धनुष्य?

चार घोडेस्वार, टापांखाली तुडवली जाणारी माणसं आणि सोबत हा मजकूर: "चर्चच्या आदेशावरून ड्यूररने 1498 मध्ये काढलेलं पेंटिंग. महामारी, युद्ध, दुष्काळ, मृत्यू. साथीचं भाकीत पाचशे वर्षं आधीच!" ड्यूरर म्हणजे जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरातला चित्रकार. हे फॉरवर्ड मला तिसऱ्यांदा आलं, म्हणून लिहितोय.

पेंटिंग नाही, वुडकट आहे. लाकडी ठोकळ्यावर रेघा तेवढ्या उंच ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. प्रती हव्या तेवढ्या निघतात, म्हणूनच आज तो अनेक संग्रहालयांत आहे.

चर्चचा आदेश? हा 15 चित्रांच्या पुस्तकातला एक ठसा. पुस्तक जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत निघालं, आणि त्यावर छापलंय की न्यूरेम्बर्गमध्ये चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने हे छापलं. म्हणजे प्रकाशक तोच. वय जेमतेम 27. धंद्याची जोखीम स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस होता तो.

आता महामारी. चित्राचा आधार बायबलच्या 'प्रकटीकरण' पुस्तकाचा सहावा अध्याय. तिथे नाव फक्त चौथ्या स्वाराला आहे: मृत्यू. पहिल्याकडे धनुष्य आहे, त्याला मुकुट मिळतो आणि तो जिंकत निघतो. बाण म्हणजे साथ अशी जुनी समजूत युरोपात होती, हे मान्य. पण विजेत्याला थेट 'महामारी' म्हणायला मूळ मजकुरात आधार नाही. दुसऱ्याकडे तलवार. तिसऱ्याच्या हातात तराजू, आणि सोबत गव्हाचा भाव सांगणारा आवाज: दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू. दुष्काळ एवढ्या घरगुती हिशेबात सांगितलाय! ड्यूररने या तराजूवाल्यालाच चित्राच्या मधोमध आणलंय. हात मागे नेलेला, पारडी वाऱ्यावर उडालेली.

मग भाकिताचं काय? ड्यूररने शतकानुशतकं वाचला जाणारा मजकूर चित्रात आणला, एवढंच. त्याच्या काळात युरोपात प्लेगच्या साथी येतच होत्या. त्यासाठी भविष्य बघायची गरज नव्हती.

त्याची खरी करामत खाली डाव्या कोपऱ्यात आहे. तिथे नरकाचा जबडा एका मुकुटधाऱ्याला गिळतोय, आणि वरून मृत्यू चाललाय. त्याचा घोडा बायबलमध्ये फिकट रंगाचा. काळ्या शाईत फिकट कसं दाखवणार? ड्यूररने त्याला हाडं वर आलेलं मरतुकडं तट्टू केलं.