लाल बटणाचा फॉर्म्युला आणि दोन मिनिटांचा सीटीए

वेबसाइटचं काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत आणि रीलखालच्या कॅप्शनांत एक फॉर्म्युला थोड्याफार फरकाने फिरत असतो: "पेज बिल्डरमध्ये (कोड न लिहिता पान रचायच्या साधनात) सीटीए सेक्शन दोन मिनिटांत होतो. तयार टेम्पलेट टाका, बटण लाल करा, पहिल्या स्क्रीनवर ठेवा, मराठी फॉन्टची कटकट नको म्हणून बॅनर बनवून इमेजच चिकटवा, वर काउंटडाउन आणि पॉपअप. चौकशी दुप्पट." सीटीए म्हणजे कॉल टू अ‍ॅक्शन, पानावरचा 'आता हे करा' सांगणारा पट्टा: एक मथळा, एखादी ओळ, एक बटण. उदाहरणादाखल देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचं 'पेटी बुक करा' असं पान डोळ्यांसमोर ठेवू आणि फॉर्म्युल्यातला एकेक दावा तपासू.

"टेम्पलेट टाकलं की दोन मिनिटांत काम झालं."

टाकायला दोन मिनिटं लागतात, हे खरं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ब्लॉक एडिटरमध्ये अधिकच्या चिन्हावर जा, पॅटर्न्सच्या (म्हणजे तयार टेम्पलेटांच्या) टॅबमध्ये 'कॉल टू अ‍ॅक्शन' हा गट उघडा, आवडेल त्यावर क्लिक करा. पट्टा पानावर येतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि फॉर्म्युला नेमका तिथेच संपतो.

आधी लिस्ट व्ह्यू, म्हणजे पानावरच्या ब्लॉकांची यादी, उघडा. सगळ्यांत बाहेर ग्रुप किंवा कव्हर ब्लॉक दिसेल, त्याच्या आत मथळा, परिच्छेद आणि 'बटन्स', आणि त्याच्याही आत एकेक 'बटन'. रंग आणि पॅडिंग (कडेपासून मजकुरापर्यंतची मोकळी जागा) बाहेरच्या ग्रुपला द्यायचं असतं. नवखा माणूस मथळ्यावर क्लिक करून तिथेच पार्श्वभूमीचा रंग देतो आणि पट्ट्याच्या पोटात दुसरा पट्टा तयार होतो. रंग थीमच्या पॅलेटमधूनच निवडा. हाताने कोड टाकून दिलेला रंग थीमचं पॅलेट बदललं तरी जुनाच राहतो, आणि वर्षभराने अख्ख्या साइटवर तेवढा एकच पट्टा परका दिसू लागतो.

मग बटणाची लिंक. टेम्पलेटमधलं बटण बहुधा रिकामं असतं. वर्डप्रेसमध्ये लिंक न दिलेलं बटण दिसतं अगदी बटणासारखं, पण दाबलं तर काहीच होत नाही आणि कीबोर्डच्या टॅबने तिथे पोचताही येत नाही. एलिमेंटर या वर्डप्रेसवर चालणाऱ्या पेज बिल्डरच्या बटणात सुरुवातीला नुसतं हॅशचं चिन्ह असतं. ते तसंच राहिलं तर दाबल्यावर पान थेट वर उडी मारतं. ग्राहकाला वाटतं फोन अडकला. 'बटण चालत नाही' या तक्रारीत आधी हेच बघावं.

मथळ्याची पातळीही तपासा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून काही टेम्पलेटांत सीटीएला एच-1, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीचा मथळा, दिलेलं असतं. पानाचं शीर्षक आधीच एच-1 असतं, त्यामुळे पट्ट्याला एच-2 द्या आणि आकार टायपोग्राफीच्या सेटिंगमधून वाढवा.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. टेम्पलेट टाकलं की पानावर त्याची सुटी प्रत येते. तोच पट्टा बारा पानांवर टाकला तर बारा प्रती होतात, आणि फोन नंबर बदलला की बारा ठिकाणी बदलावा लागतो. त्यातली दोन पानं हमखास सुटतात. त्यावर उपाय सोपा आहे. लिस्ट व्ह्यूमध्ये बाहेरचा ग्रुप निवडा, तीन टिंबांच्या मेनूतून 'क्रिएट पॅटर्न' घ्या, 'सिंक्ड' (एकीकडे बदललं की सगळीकडे बदलणारा) चालू ठेवा आणि प्रत्येक पानावर हाच पॅटर्न टाका. वर्डप्रेसच्या 2023 मधल्या 6.3 आवृत्तीपर्यंत याला 'रियूजेबल ब्लॉक' म्हणत. प्रत्येक पानावर मथळा वेगळा हवा असेल तर 6.6 पासून ओव्हरराइडची सोय आहे: मूळ पॅटर्न उघडा, मथळ्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात ओव्हरराइड चालू करून त्याला नाव द्या. मग मजकूर पानागणिक बदलतो, बटण आणि नंबर सगळीकडे एकच राहतात.

सिंक्ड पॅटर्नमध्ये एक खड्डा मात्र आहे. बटणाला नुसती 'हॅश आणि अँकरचं नाव' अशी लिंक दिली (अँकर म्हणजे पानातल्या एका जागेला दिलेली खूण), आणि फॉर्म फक्त मुख्य पानावर आहे, तर बाकी अकरा पानांवर ते बटण मेलेलं. तिथे साइटच्या पूर्ण पत्त्यासकट लिंक द्या. अँकरचं नाव रोमन लिपीत, लहान आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. पानाच्या स्लगलाही, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या भागालाही, तेच लागू. देवनागरी स्लग चालतो, पण साठवताना त्यातल्या प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेसची मर्यादा 200 चिन्हांची आहे. म्हणजे काना-मात्रा मोजून जेमतेम 22 चिन्हांनंतर पत्ता कापला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते.

"लाल बटण सगळ्यांत जास्त चालतं."

या दाव्याचं मूळ सापडतं. परफॉर्मेबल नावाच्या अमेरिकी कंपनीने हिरव्या आणि लाल बटणाची तुलना केली होती. 2011 मध्ये हबस्पॉटच्या ब्लॉगवर तिचा निकाल आला: लाल बटणावर 21 टक्के जास्त क्लिक. सांगताना नेहमी गाळलं जातं ते हे, की त्या पानाचा एकूण रंगच हिरवा होता. हिरव्यात हिरवं बटण बुडालं, लाल उठून दिसलं. त्यातून 'लाल जिंकतो' हे निघत नाही. 'आजूबाजूपेक्षा वेगळं दिसणारं बटण सापडतं' एवढंच निघतं. आपल्या बागायतदाराच्या पानावर केशरी आंब्यांचे फोटो आणि लाल पट्टी असेल, तर तिथे लाल बटणच बुडेल.

रंगापेक्षा आधी मोजायचं ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मानकात नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी 4.5 ला 1 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 ला 1 ही किमान मर्यादा आहे. भडक शुद्ध लालवर पांढरी अक्षरं साधारण 4 ला 1 भरतात, म्हणजे लहान अक्षरांसाठी नापास. किरमिजीकडे झुकणारा गडद लाल घेतला तर तेच प्रमाण सहाच्या वर जातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या हिरव्यावर पांढरी अक्षरं, जी आज प्रत्येक दुसऱ्या साइटवर आहेत, जेमतेम 2 ला 1 भरतात. उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्याला ती वाचता येत नाहीत. त्याच हिरव्यावर काळी अक्षरं दहाच्या वर जातात. ब्लॉक एडिटर अशी जोडी निवडली की रंगाच्या पॅनेलमध्ये इशारा देतो. तो इशारा सजावट नाही.

"स्वतः चाचणी घ्या, आठवड्यात कळेल" असंही सोबत सांगतात. गणित करून बघा. 100 पैकी 2 जण बटण दाबत असतील आणि नव्या रंगाने ते 3 होतात का हे बऱ्यापैकी खात्रीने ठरवायचं असेल, तर प्रत्येक रंगाला सुमारे 3800 भेटी लागतात, दोन्ही मिळून 7600. दिवसाला 50 भेटी येणाऱ्या साइटला हे करायला पाच महिने लागतील. तोवर आंब्याचा हंगाम संपलेला असतो. लहान साइटने रंगाच्या चाचण्यांच्या नादी लागू नये.

"बटण पहिल्या स्क्रीनवरच हवं."

अर्धं खरं. नेहमीचा ग्राहक थेट पेटी मागवायला येतो, त्याच्यासाठी वर बटण असावं. नव्या माणसाला पेटीत किती डझन, कुठे पोचवणार, आंबा तयार असणार की कच्चा, हे कळल्याशिवाय तो दाबणार नाही. त्या माहितीखाली दुसरं बटण द्या, शब्द तेच ठेवा. दोन पुरेत.

"बॅनरची इमेज टाका, डिझाइन तुटत नाही."

हा सल्ला मराठी साइटींचं सगळ्यांत जास्त नुकसान करतो. 1200 पिक्सेल रुंद बॅनरवर 40 पिक्सेलची अक्षरं असतील, तर 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर ती 12 पिक्सेल होतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या आकारात गिचमिड दिसतात. इमेजमधला नंबर सरळ कॉपी होत नाही, स्क्रीन रीडर (अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचत नाही, आणि बॅनरवर काढलेलं बटण म्हणजे नुसतं चित्र. अख्ख्या इमेजला लिंक दिली तरी पर्यायी मजकूर (इमेजचं लिखित वर्णन) रिकामा असेल तर त्या लिंकला नावच उरत नाही.

फोटो हवाच असेल तर कव्हर ब्लॉक वापरा: मागे फोटो, वर खरा मजकूर, मध्ये ओव्हरलेचा थर. फोटो उजळ असेल तर ओव्हरले गडद करा. फोकल पॉइंट (कापतानाही दिसत राहावा असा फोटोचा भाग) आंब्यांवर ठेवा, नाहीतर फोनवर फोटो कापला जाताना फक्त टेबल उरतं. 'फिक्स्ड बॅकग्राउंड' (पान सरकलं तरी फोटो जागीच ठेवणारं सेटिंग) बंद ठेवा. आयफोनवर तो परिणाम चालत नाही.

आणि फॉन्टची ती कटकट? ती ठरावीक तीन-चार ठिकाणीच असते. थीमच्या लॅटो किंवा मॉन्टसेराट फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून ब्राउझर स्वतःच्या मनाने दुसरा फॉन्ट लावतो. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. टेम्पलेटच्या बटणाला बऱ्याचदा लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून 'बु क क रा' असं होतं. ते शून्यावर आणा. 'अपरकेस'चा (सगळी कॅपिटल अक्षरं) देवनागरीवर काही परिणाम होत नाही, पण मधेच आलेला इंग्रजी शब्द मात्र ओरडायला लागतो. मथळ्याची लाइन-हाइट (ओळीची उंची) 1.1 असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, 1.4 च्या आसपास ठेवा. बटणाला ठरावीक उंची देऊ नका, वर-खाली पॅडिंग द्या, म्हणजे मजकूर दोन ओळींत गेला तरी कापला जाणार नाही. बोटाने दाबायला उंची किमान 44 पिक्सेल असावी.

एलिमेंटरमध्ये डेस्कटॉपसाठी दिलेलं पॅडिंग फोनवरही तसंच उतरतं. वर-खाली 96-96 म्हणजे छोट्या स्क्रीनवर 192 पिक्सेल नुसतं रिकामं. पॅडिंगशेजारच्या फोनच्या चिन्हावर जाऊन वेगळा आकडा द्या. काही जण फोन आणि डेस्कटॉपसाठी दोन वेगळे पट्टे करून एकेक लपवतात. लपवलेला पट्टाही पानात उतरतोच, आणि भाव बदलताना तोच नेमका विसरला जातो.

"काउंटडाउन आणि पॉपअपशिवाय लोक हलत नाहीत."

पान रीफ्रेश केलं की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ ही सरळ खोटी घाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरोधी (ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत 13 प्रकार आहेत, खोटी घाई हा त्यातला एक. 'नको, मला महाग आंबे आवडतात' असं लिहिलेलं नकाराचं बटण, म्हणजे ग्राहकाला ओशाळवणं, हाही एक. नियम विक्रेत्यालाही लागू आहेत, फक्त मोठ्या पोर्टलला नाही. बुकिंगची तारीख खरोखर ठरलेली असेल तर तारीख लिहा, घड्याळ कशाला?

पॉपअपचं म्हणाल तर शोधातून आलेल्या माणसासमोर फोनवर मजकूर झाकणारा पॉपअप उघडणारी पानं गूगल जानेवारी 2017 पासून क्रमवारीत मागे ढकलू शकतं. शिवाय उशिरा उगवणारी पट्टी बाकी मजकूर खाली ढकलते, आणि माणूस भलतंच काहीतरी दाबतो.

"बटणावर काहीही लिहा, रंग महत्त्वाचा."

'अधिक जाणून घ्या' आणि 'सबमिट' या शब्दांतून पुढे काय उघडणार ते कळत नाही. 'व्हॉट्सअ‍ॅपवर पेटी बुक करा' यातून कळतं. आणि मग ते उघडलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबर 91 ने सुरू करून पुढे दहा अंक सलग लिहायचे: अधिकचं चिन्ह नाही, सुरुवातीचं शून्य नाही, मधे जागा नाही. तयार संदेशात '&' तसाच टाकला तर त्याच्या पुढचा मजकूर गळतो, म्हणून 'आणि' लिहा. फोनच्या लिंकमध्ये मात्र अधिकचं चिन्ह आणि 91 दोन्ही हवेत, नाहीतर दुबईतून किंवा न्यू जर्सीतून पेटी पाठवू पाहणाऱ्याचा कॉल लागत नाही. डेस्कटॉपवर फोनची लिंक भलतंच अ‍ॅप उघडायला बघते, म्हणून बटणाखाली नंबर साध्या अक्षरांतही लिहा.

शेवटची तपासणी लॉगइन नसलेल्या ब्राउझरमध्ये आणि दुसऱ्याच्या फोनवर करा. कॅश प्लगइन (पानाची साठवलेली प्रत दाखवणारं जोडसॉफ्टवेअर) असेल तर आधी कॅश रिकामी करा, नाहीतर तुम्हाला नवं बटण दिसत राहील आणि ग्राहकाला मागच्या हंगामातला नंबर.