डेन्मार्कमध्ये आयोडीनच्या मिठाची सक्ती आहे

मोबाइलवर कित्येक वर्षं फिरणारा मजकूर साधारण असा आहे. आयोडीनयुक्त मीठ हे परदेशी कंपन्यांचं कारस्थान. डेन्मार्कने १९५६ सालीच त्यावर बंदी घातली, कारण ते खाऊन तिथले पुरुष नपुंसक झाले, लोकसंख्या घटली आणि देश संपायची वेळ आली. आज ५६ देशांत ते बंद आहे. आपण मात्र खातोय, म्हणून घरोघरी बीपी आणि थायरॉइड. शिवाय पाकिटातल्या मिठात सायनाईड असतं. उपाय काय, तर सैंधव खा, त्यात ८४ खनिजं असतात.

याला उत्तर देत बसावं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण माझ्या भाचीच्या सासूबाईंनी हा मजकूर वाचून घरातलं पाकिटाचं मीठ बंद केलं आणि रोजच्या स्वयंपाकात शेंदेलोण, म्हणजे तेच सैंधव, सुरू केलं. भाचीला चौथा महिना लागलाय. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, सुनेच्या काळजीपोटीच त्यांनी हे केलं. म्हणूनच मला हा मजकूर लिहिणाऱ्याचा संताप येतो.

आधी डेन्मार्क, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. १९४० साली डेन्मार्कची लोकसंख्या ३८ लाखांच्या आसपास होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ४४ लाखांवर गेली. ज्या काळात देश संपत आला होता असं सांगतात, त्याच काळात तिथे सहा लाख माणसं वाढली. हा आकडा शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तो शोधायचे कष्ट मजकूर लिहिणाऱ्याने घेतले नाहीत आणि पुढे पाठवणाऱ्यांनीही नाही.

यात अर्धं खरं आहे ते एवढंच, की डेन्मार्कमध्ये बराच काळ मिठात आयोडीन घालायला परवानगी नव्हती. पण ती नव्हती म्हणून काय झालं? लोकांमध्ये आयोडीनची कमतरता आढळली. मग १९९८ मध्ये तिथल्या सरकारने ऐच्छिक स्वरूपात सुरुवात केली. तेवढ्याने भागेना, तेव्हा २००० साली घरगुती मिठात आणि पावासाठी वापरल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन सक्तीचं केलं. २०१९ मध्ये त्याचं प्रमाण आणखी वाढवलं. म्हणजे ज्या देशाचं नाव पुढे करून आपल्याला घाबरवलं जातं, तो देश नेमका उलट्या दिशेने गेलाय. उरलेल्या ५५ देशांची यादी त्या मजकुरात कुठेच नाही. जगातल्या शंभराहून जास्त देशांत मिठात आयोडीन घालण्याचे कायदे आहेत आणि स्वित्झर्लंडने तर १९२२ मध्येच सुरुवात केली होती.

नपुंसकत्वाचं म्हणाल तर वस्तुस्थिती उलटी आहे. आयोडीन कमी पडलं की थायरॉइड ग्रंथीला पुरेसं संप्रेरक बनवता येत नाही. त्यातून गर्भधारणेच्या अडचणी, गर्भपात आणि मृत मूल जन्माला येण्याचा धोका वाढतो.

आता परदेशी कारस्थान. यावर एकच अभ्यास पुरेसा आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात गलगंड इतका होता की १९५६ च्या पाहणीत सुमारे ३८ टक्के लोकांचे गळे सुजलेले आढळले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं आणि मधल्या विभागाला साधंच. एक लाखाहून जास्त माणसांवर हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९६२ मध्ये पुन्हा तपासलं, तेव्हा आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं होतं आणि साध्या मिठाच्या विभागात जिथल्या तिथे होतं. हवा, पाणी, धान्य, गरिबी सारखीच, फरक फक्त मिठाचा. मग त्या तिसऱ्या विभागालाही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही गलगंड उतरला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हा निबंध आला. त्याच्या लेखकांमध्ये रामलिंगस्वामींसोबत देव आणि करमरकर ही आडनावं आहेत. ज्यांना यात परदेशी हात दिसतो त्यांनी ती एकदा वाचावीत.

याच कामाच्या जोरावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खासगी कंपन्यांना आयोडीनयुक्त मीठ बनवायची मुभा मिळाली ती १९८३ मध्ये. म्हणजे कंपन्या आल्या त्याच्या वीस वर्षं आधीपासून सरकार हे काम करत होतं. हो, पाकीटबंद मिठाचा धंदा पुढे मोठ्या कंपन्यांच्या हातात गेला, जाडं मीठ विकणारा छोटा माणूस मागे पडला आणि आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकण्यावरच्या बंदीला गांधीवाद्यांनी विरोध केला, हे सगळं खरं आहे. २००० साली केंद्राने ती बंदी उठवलीही होती, मग २००६ पासून पुन्हा आली. मिठागरवाल्यांवर अन्याय झाला का, यावर जरूर वाद घाला, मी ऐकेन. पण त्यावरून आयोडीन विष ठरत नाही.

‘गलगंड हिमालयात होतो, आपल्याकडे कुठे?’ हेही ऐकलं. पाऊस आणि पूर जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात, मग त्या मातीतल्या धान्यात आणि भाजीतही ते उतरत नाही. देशातल्या तीनशेहून जास्त जिल्ह्यांची पाहणी झाली तेव्हा बहुतेक जिल्ह्यांत गलगंड आढळला आणि एकही राज्य त्यातून सुटलेलं नव्हतं. ‘समुद्राच्या मिठात आयोडीन असतंच’ हेही फसवं आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं सुमारे ६० मायक्रोग्रॅम आणि मीठ निघतं ३५ ग्रॅम. मिठागरात पाणी आटताना त्यातलं सगळं आयोडीन मिठातच राहिलं असं धरलं, तरी दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून ९ मायक्रोग्रॅमसुद्धा मिळत नाही. मोठ्या माणसाची गरज १५० ची. गरोदर बाईची २५०. समुद्राच्या मासळीतून आयोडीन मिळतं, हे खरं. पण भाचीच्या सासरी अंडंही शिजत नाही.

ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती ही. पोटातल्या बाळाला पहिले काही महिने स्वतःचं थायरॉइड संप्रेरक जवळपास नसतं, ते आईचंच वापरतं. त्याच महिन्यांत मेंदूची जडणघडण चालू असते. आईच्या शरीरात आयोडीन फार कमी पडलं, तर त्या मेंदूचं होणारं नुकसान जन्मानंतर कितीही औषधं दिली तरी पूर्ण भरून निघत नाही. टाळता येण्याजोग्या मेंदूच्या हानीचं जगातलं सर्वांत मोठं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना आयोडीनच्या कमतरतेकडे बोट दाखवत आली आहे. गळ्याची गाठ निदान डोळ्यांना दिसते. मुलाची बुद्धी थोडी कमी पडली तर ती कशामुळे, हे त्या घराला आयुष्यभर कळणार नाही. असा मजकूर एक बोट दाबून पुढे ढकलणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

बाकीचे मुद्दे भराभर. सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराईडच आहे. ती ८४ खनिजं इतकी अल्प असतात की त्यांच्यावर पोषण होण्याइतकं मीठ खाल्लं तर माणूस आधी मिठानेच आजारी पडेल. त्यातला गुलाबी रंग लोहाचा. बीपी वाढतो सोडियममुळे आणि ते दोन्ही मिठांत आहे. बीपी असेल तर मीठ कमी करा, बदलून काही होत नाही. आणि स्वदेशीचा एवढा अभिमान असेल तर हे माहीत असू द्या, की आपल्या बाजारात वर्षानुवर्षं आलेलं सैंधव मुख्यतः पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं होतं.

सायनाईडची भीती मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम फेरोसायनाईडच्या नावावरून उठली. त्यातलं सायनाईड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं, स्वयंपाकात ते सुटं होत नाही. आपल्या नियमानुसार किलोभर मिठात ते १० मिलिग्रॅमच्या वर घालता येत नाही.

थायरॉइडच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते नाकारणार नाही. आयोडीन सुरू केल्यावर काही लोकांत, विशेषतः वयस्कांत, थायरॉइडचे विकार काही काळ वाढतात. डेन्मार्कमध्येही अतिक्रियाशील थायरॉइडचे रुग्ण सुरुवातीला वाढले आणि मग कमी झाले. तिथल्या संशोधकांनी हे लपवलं नाही, वर्षानुवर्षं मोजून छापलं. ज्यांना आधीच थायरॉइडचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडच्या कर्करोगाच्या उपचाराआधी काही रुग्णांना थोडे दिवस आयोडीन टाळायला सांगतातही. भाचीची तपासणी झाली आहे, तिला असं काही नाही.

फोडणीत किंवा उकळत्या आमटीत थोडं आयोडीन उडून जातं, हेही मान्य. म्हणूनच कारखान्यात ते जास्त घालतात आणि घरी पोचेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम उरलं पाहिजे असा नियम आहे. मीठ शेवटी घालावं, झाकणाच्या बरणीत ठेवावं, गॅसजवळ ठेवू नये.

भाचीच्या सासूबाईंना मी फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी डेन्मार्कचं दोनदा विचारलं. शेंदेलोण उपवासाला वापरा, रोजच्या भाजी-आमटीला ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं पाकीट आणा, एवढंच माझं म्हणणं आहे. हा मजकूर त्यांना ज्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला, तिथे त्या आता हे उत्तर टाकणार आहेत. त्या मंडळात आणखी दोघींच्या सुना गरोदर आहेत.