पंपाच्या गळक्या जोडावर पुट्टी दाबण्याआधी

उन्हाळा लागला की सोलापुरातील सोसायट्यांच्या आणि होटगी रस्त्याकडील फार्महाउसवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. जलतरण तलावाच्या पंपाचा जोड गळत असेल तर पंप चालू ठेवूनच बाहेरून एम-सीलसारखी पुट्टी दाबावी, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे देऊन पाना घालून शेवटपर्यंत आवळावे, जो जोड ठिबकत नाही त्याला हात लावू नये, आणि हे आजच करावे, कारण थेंबाथेंबाने तलाव रिकामा होतो, असे त्यात म्हटलेले असते. प्लंबरचे पैसे वाचवण्याचा हेतू रास्त आहे. उपाय मात्र बहुतेक उलटे आहेत.

‘ठिबकत नाही तो जोड ठीक’ हे विधान सर्वांत घातक आहे. तलावाकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत, विशेषतः पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असेल तेव्हा, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे तेथील फटीतून पाणी बाहेर येत नाही, तर हवा आत ओढली जाते. विहिरीवरची मोटार हवा धरून पाणी सोडते, हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. इथेही तेच घडते. गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली हवा साचते आणि तलावात परत येणाऱ्या पाण्यातून बुडबुडे निघतात. अशा वेळी आधी त्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी गोल रबरी कडी, पाहावी, मग पंप चालू असताना एकेका जोडावर साबणाचा दाट फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे फट आहे. दुर्लक्ष केल्यास पंप कोरडा चालतो, आत उरलेले पाणी तापते आणि 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पीव्हीसी मऊ पडत असल्याने चांगले आटेही आकार सोडतात.

पुट्टी ओल्या, थरथरणाऱ्या पृष्ठभागावर धरत नाही, आणि पंपानंतरच्या नळीत पाण्याचा दाब तिला आतून बाहेर ढकलत असतो. मीही हा प्रयोग केला आहे. तिसऱ्या दिवशी गोळा अखंड हातात आला. पंप बंद करून, जागा कोरडी व खरबरीत करून लावल्यास ती चार दिवस वेळ मारून नेते, इतकेच तिचे श्रेय. सोल्युशनने, म्हणजे पीव्हीसी चिकटवण्याच्या द्रावाने, चिकटवलेला जोड गळत असेल तर बाहेरून पुन्हा सोल्युशन फासूनही उपयोग नाही, कारण ते दोन पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, फट भरत नाही. तो भाग कापून नवा बसवावा आणि शक्यतो 24 तास दाब देऊ नये.

‘भरपूर टेप, पूर्ण ताकद’ ही लोखंडी नळाला सफेदा आणि सुतळी लावण्याच्या काळातली सवय आहे. पंपाचे तोंड प्लास्टिकचे असते आणि नळीचे आटे निमुळते असल्यामुळे प्रत्येक जादा वेढा पाचरीसारखे काम करून ते तोंड चिरतो. आटे समोर धरून घड्याळाच्या दिशेने तीन-चार वेढे द्यावेत, हाताने घट्ट करावे आणि मग पान्याने फार तर एक-दीड फेरा द्यावा. युनियनला, म्हणजे नळी न कापता उघडता येणाऱ्या जोडाला, टेप मुळीच नको. तिथे ओ-रिंगच पाणी अडवते. तिला सिलिकॉन ग्रीस लावावे, व्हॅसलीन किंवा गाडीचे ग्रीस नव्हे, कारण त्यांनी अनेक प्रकारचे रबर फुगते.

चालू पंपावर ओल्या हातांनी काम करण्याच्या सल्ल्यावर अधिक बोलण्याची गरज नसावी. मेन स्विच आणि दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. पंप तलावाच्या पातळीखाली असेल तर उघडलेल्या जोडातून पंपाची खोलीच भरेल.

राहिला पाण्याचा हिशेब. उजनीचे पाणी काही दिवसांआड मिळणाऱ्या शहरात ही धास्ती समजण्यासारखी आहे. पण सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण चार लिटर. उलट 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद तलावाची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने 5 मिलिमीटर उतरली तरी 250 लिटर जातात. तलावाच्या पायरीवर एक बादली आतबाहेर सारख्या पातळीला पाणी राहील अशी ठेवावी आणि पंप चालू ठेवून 24 तासांनी दोन्ही पातळ्या मोजाव्यात. दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर पाणी जोडातून नव्हे, सोलापूरच्या उन्हात गेले आहे.