ट्राम आली की दगडी रस्ता मेला? एडिनबराच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराचा समाचार

मुंबईत ट्राम परत आणावी का, हा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा सारांश असा: स्कॉटलंडमधल्या एडिनबराने ट्रामच्या हट्टापायी शतकांची दगडी फरसबंदी उखडली, एकदा उचललेला दगड परत बसत नाही, तिथला मुख्य रस्ता प्रिन्सेस स्ट्रीट दोनदा खोदला, जुन्या कबरी उद्ध्वस्त केल्या, ट्रामच्या थरथरीने इमारती खिळखिळ्या होतात, आणि तारांच्या जाळ्यामुळे जागतिक वारशाचा दर्जा जातो. यात काही धादांत खोटे आहे, काही अर्धे खरे, आणि एक गोष्ट पूर्ण खरी असूनही तिचे खापर चुकीच्या डोक्यावर फोडलेले आहे.

"शतकांची फरसबंदी ट्रामने उखडली."

प्रिन्सेस स्ट्रीटवर ट्रामचे काम सुरू झाले तेव्हा तो रस्ता डांबरी होता. उखडायला दगड वर नव्हतेच. शिवाय या शहरात ट्राम काही नवी नाही. १८७१ मध्ये तिथे घोड्यांची ट्राम आली, मग जमिनीखालच्या दोराने ओढली जाणारी केबल ट्राम, आणि १९२२-२३ मध्ये शहरभर विजेची ट्राम. शेजारच्या लीथने १९०५ मध्येच विजेची ट्राम घेतली होती, त्यामुळे दोन्हींच्या हद्दीवरच्या पिलरिगला उतरून गाडी बदलण्याचा त्रास लोकांनी बरीच वर्षे सोसला. जुनी ट्राम १६ नोव्हेंबर १९५६ रोजी बंद झाली.

मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट पुढेच आहे. ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्याने दोन रुळांमधला आणि बाहेरच्या बाजूने १८ इंचांपर्यंतचा रस्ता सांभाळायची जबाबदारी ट्राम चालवणाऱ्यावर टाकली होती. म्हणून तो पट्टा घडीव दगडी ठोकळ्यांनी पक्का बांधला जाई. म्हणजे आज ज्याला 'जुनी फरसबंदी' म्हणून हळहळतात, तिच्यातला बराच भाग ट्रामसाठीच घातलेला होता. तो झाकला गेला ट्राम बंद झाल्यावर, मोटारींसाठी ओतलेल्या डांबराखाली. एडिनबराच्या वॉटर्लू प्लेस या रस्त्यात केबल ट्रामच्या मार्गाचा एक छोटा तुकडा अजून जपलेला आहे. मुंबईतही वेगळे घडले नाही. ९ मे १८७४ ला सुरू झालेली ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली, आणि फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी खणले तेव्हा जुने रूळ खालीच सापडले.

"एकदा उचललेला दगड परत बसत नाही."

बसतो. पण का बसत नाही असे वाटते, ते समजून घ्यायला थोडी मोजमापे पाहावी लागतील.

रस्त्यात गाडला जाणारा खाचेचा रूळ साधारण १८० मिमी उंच असतो, बूडही तेवढेच रुंद, वजन मीटरला ६० किलोच्या आसपास. तो खालच्या काँक्रीट स्लॅबवर बसतो. स्लॅबचा माथा रुळाच्या बुडाशी धरला, तर वरच्या पृष्ठभागापर्यंत १८० मिमी उरतात. त्यातून दगडाखालच्या मसाल्याच्या (सिमेंट-वाळूच्या) थराचे ४० मिमी वजा केले की दगडासाठी राहतात १४०. दोन रुळांना जोडणाऱ्या सळया आणि पकडी जिथे येतात तिथे त्याहून कमी. जुने ठोकळे मात्र १५० ते २०० मिमी खोल असतात आणि एकाची खोली दुसऱ्याशी जुळत नाही. मग ठेकेदार म्हणतो, जुना दगड 'निकामी' आहे, आणि करवतीने कापलेला सारख्या मापाचा नवा दगड येतो. दगड वाचतो की जातो, हे असे नकाशावर, खणायला सुरुवात होण्याआधी ठरून जाते.

यावर दोन उपाय आहेत. एक, रुळांमधल्या भागात स्लॅब खाली घेणे. दुसरा, दगडाचे बूड करवतीने कापून सगळे एका खोलीला आणणे. दुसऱ्यात चाकांनी आणि नालांनी झिजलेला माथा तसाच राहतो, आणि जुना ठोकळा खाली निमुळता असल्यामुळे बूड कापल्यावर सांधा उलट जास्त सारखा येतो. पैसे नव्या दगडाइतके किंवा जास्तच लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

उचलण्याची रीतही ठरलेली आहे. आधी रस्त्याचे चौकटी पाडून फोटो, ओळींची दिशा आणि रुंदी यांची नोंद. मग कडेची एक ओळ हाताने मोकळी करून पहारीने एकेक दगड काढायचा. जेसीबीचा दात घातला की कोपरे उडतात, आणि कोपरा उडालेला दगड सांधा रुंद करतो. चौकटीच्या क्रमाने पेट्यांत भरायचे, पेटीवर चौकटीचा क्रमांक घालायचा. चिकटलेले डांबर आणि सिमेंट काढून टाकायचे, नाहीतर नवा मसाला धरत नाही. या कामात फुटणारे आणि हरवणारे दगड भरून काढायला त्याच खाणीच्या जातीचा साठा आधी जमवून ठेवावा लागतो. एडिनबराच्या जुन्या रस्त्यांत ग्रॅनाइटबरोबर गडद रंगाचा 'व्हिनस्टोन' आहे, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या गणगोतातलाच. शहराला लागूनच असलेल्या सॉलिसबरी क्रॅग्ज कड्यावरून तो पूर्वी काढत. कड्याची नासाडी पाहून १८३१ मध्ये न्यायनिवाड्याने ते थांबले. तेव्हा आज त्याच कड्याचा नवा दगड मिळणार नाही, जुनाच सांभाळावा लागेल.

बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या सांध्यात. दोन पद्धती आहेत: लवचीक, म्हणजे खाली बारीक खडी आणि सांध्यात वाळू किंवा डांबर, आणि ताठ, म्हणजे खाली स्लॅब, त्यावर मसाला, सांध्यातही मसाला. दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही. हलणाऱ्या खडीच्या थरावर ताठ सिमेंटच्या दरजा भरल्या की पहिल्या हिवाळ्यात त्या तडकतात, पाणी आत जाते, चाकाच्या दाबाने ते बारीक माती घेऊन वर उसळते आणि दगड डुगडुगू लागतात. रुळाकडेला आणखी एक गोम आहे: ओळ पुरी करायला गवंडी दगडाचा बोटभर कपचा बसवतो. तो सगळ्यात आधी निघतो. अर्ध्या दगडाहून लहान तुकडा रुळालगत ठेवायचाच नाही. त्या ओळीत आधीपासून लांब दगड योजायचे. रुळाच्या खाचेतून पावसाचे पाणी पन्हळीसारखे वाहते, म्हणून उताराच्या तळाशी निचऱ्याची पेटी हवी आणि ती नियमित साफ व्हायला हवी.

"प्रिन्सेस स्ट्रीट दोनदा खोदला."

हे खरे आहे. २००९ मध्ये रूळ पडले, रुळालगतचा पृष्ठभाग लवकरच तडकला, आणि २०११ मध्ये रस्ता पुन्हा उघडावा लागला. पण फुटले ते डांबर, दगड नव्हे. रुळाला खेटून डांबर नीट दाबता येत नाही, कारण रोलरचे वजन रूळच तोलून धरतो आणि शेजारची चिंचोळी पट्टी कच्ची राहते. त्या पट्टीवरून दिवसभर भरलेल्या बस गेल्या की पोलाद आणि डांबर यांच्या ताठपणातला फरक चीर बनून वर येतो. हा रस्ता बससाठी शहराची मुख्य धमनी आहे, हे काही गुपित नव्हते. दोष आखणीचा होता, तेव्हा टीका जरूर व्हावी. 'ट्राम आणि जुना रस्ता एकत्र नांदत नाहीत' असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

वर्षानुवर्षे चाललेल्या खोदकामाचे खरे कारण रूळ नव्हते, त्यांच्याखालच्या वाहिन्या होत्या. पाण्याची किंवा गॅसची वाहिनी रुळाखाली राहिली तर प्रत्येक दुरुस्तीला ट्राम बंद ठेवावी लागेल, म्हणून ती आधी बाजूला न्यावी लागते. दुसरे कारण विजेचे. ट्रामचा ७५० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह रुळांवाटे परत जातो. तो जमिनीत झिरपला तर बिडाचे पाइप कुरतडतो, म्हणून रुळाला रबराचे किंवा पॉलिमरचे आवरण घालतात. जुन्या शहरात वाहिन्यांचे नकाशे आणि वास्तव यांची गाठ क्वचितच पडते, त्यात एडिनबराच्या न्यू टाउनमधल्या घरांची तळघरे पदपथाखाली घुसलेली. ३१ मे २०१४ ला ट्राम शहराच्या मध्यातल्या यॉर्क प्लेसपर्यंतच सुरू झाली आणि खर्च ७७ कोटी ६० लाख पौंडांवर गेला, यात या वाहिन्यांचा आणि ठेकेदाराशी झालेल्या वादांचा मोठा वाटा आहे. तिथून लीथमार्गे न्यूहेवनपर्यंतच्या पुढच्या टप्प्यात वाहिन्या आणि रूळ यांचे काम एकाच उघडलेल्या पट्ट्यात घेतले. तो ७ जून २०२३ ला सुरू झाला. पहिल्या टप्प्यातले रामायण तिथे घडले नाही, हे त्या मजकुरात कुठे आढळत नाही.

"कबरी उद्ध्वस्त केल्या."

लीथमधल्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटखाली साउथ लीथ चर्चच्या मध्ययुगीन दफनभूमीचा भाग होता आणि तिथे शेकडो सांगाडे निघाले, हे खरे. पण ते पुरातत्त्वज्ञांनी हाताने उकरून, नोंदवून काढले. त्या दफनभूमीवर रस्ता आणि वाहिन्या आधीच गेलेल्या होत्या.

"थरथरीने इमारती खिळखिळ्या होतात."

इथे आकडा हवा. जर्मनीचे डीआयएन ४१५० हे मानक नाजूक वारसा-इमारतींसाठी पायाशी कमी वारंवारितेच्या कंपनांना सेकंदाला ३ मिमी ही मर्यादा धरते. स्लॅबवर नीट बसलेल्या रुळावरून धावणारी, चाके गोल असलेली ट्राम साधारणपणे त्याच्या पुष्कळ खाली राहते. चाकाला सपाट डाग पडला किंवा रुळावर लाटा उठल्या, तर मात्र थरथर वाढते. मग चाक खरवडून आणि रूळ घासून घ्यावा लागतो. धोका जास्त असतो बांधकामाच्या दिवसांत. भिंतीजवळ कंपनाचा रोलर किंवा ब्रेकर चालवला तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून कामाआधी प्रत्येक इमारतीच्या भेगांची पाहणी, भेगांवर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या खुणा, ब्रेकरऐवजी करवत, आणि रोलर कंपन बंद करून. या चार गोष्टी निविदेत लिहिलेल्या नसतील तर त्यावर जरूर आरडाओरडा करावा.

"तारांमुळे वारशाचा दर्जा जातो."

एडिनबराचे जुने आणि नवे नगर १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ट्राम आल्यावरही आहे. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ट्राम डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाली आणि शहर यादीत आले २००७ मध्ये, म्हणजे ट्रामसकट. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एल्ब खोऱ्याचा दर्जा २००९ मध्ये गेला तो एका रस्त्याच्या पुलामुळे.

तारा खटकतात हे मात्र मान्य. खांबांऐवजी तार इमारतींच्या दर्शनी भिंतीला बांधता येते, पण मऊ वाळुकाश्मात हूक बसवण्याआधी ओढ चाचणी घ्यावी लागते आणि हूक स्टेनलेस पोलादाचाच हवा, कारण लोखंड गंजून फुगले की दगड फोडते. बोर्दोने जुन्या भागात तार टाळून रुळांच्या मधोमध जमिनीतच वीज देणारी तिसरी पट्टी घातली. तिचा ट्रामखाली आलेला तुकडाच जिवंत होतो. सुरुवातीला ती वारंवार बिघडली. शिवाय त्या पट्टीला आणि तिच्या विजेच्या पेट्यांना फरसबंदीखालीच जागा लागते, म्हणजे वरचे आकाश मोकळे करायला खालचा दगड जास्त कापावा लागतो. फ्रान्समधल्याच नीसमध्ये २००७ मध्ये मासेना आणि गारिबाल्डी हे दोन चौक ट्रामने बॅटरीवर ओलांडले. तिथे ना तार, ना तिसरी पट्टी, आणि फरसबंदीला फक्त दोन रुळांचीच जागा द्यावी लागली.