आमच्या कचेरीतील किरणोत्सव

कोल्हापुरात किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेस, आणि पुन्हा जानेवारी सरून फेब्रुवारी लागताना, मावळतीचा सूर्य महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतो, अशी रूढ सांगी आहे. आमच्या कचेरीत मात्र गेल्या दिवाळीपासून हा सोहळा साप्ताहिक सुट्टी वगळता रोज साजरा होतो, आणि तीन दिवसांचे काम सूर्यनारायण पाऊण तासात उरकतात. पाचच्या सुमारास किरणे माझ्या चपलांवर येतात, मग हळूहळू पोटावर चढतात आणि पावणेसहाला तोंडावर स्थिरावतात. मंदिरात किरणांच्या वाटेत येणारी बांधकामे हटवावीत म्हणून वर्षानुवर्षे चर्चा चालली आहे. मी मात्र किरणांच्या वाटेत अडथळा उभा राहावा म्हणून संगणकाशेजारी २०१९ पासूनच्या खरेदीच्या फायलींचा मनोरा रचला होता. तो ‘नव्या मांडणीला शोभत नाही’ या कारणाने दुसऱ्याच दिवशी हलवण्यात आला.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत बावीस वर्षे हिशेब पाहतो. ओतकामाचा धंदा धुराचा, वाळूचा आणि आवाजाचा असल्यामुळे कचेरी कशी दिसते याची चिंता थोरल्या मालकांनी कधी केली नव्हती. धाकटे मालक पुण्याहून शिकून आले आणि त्यांनी ती एकदम केली. जुन्या भिंती पाडल्या, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली, आमची सागवानी टेबले भंगारवाल्याला दिली आणि त्या जागी कोणीही कोठेही बसावे अशी लांबलचक पांढरी फळी आणली. ‘‘काका, आता कुणाची ठरलेली जागा नाही. रोज नवीन ठिकाणी बसायचं, नवीन कल्पना सुचतात,’’ असे ते मला म्हणाले. हे साहेब सहा वर्षांचे असताना माझ्याच टेबलावर बसून माझा स्टेपलर वाजवीत असत, त्यामुळे मला त्यांना उलट बोलवेना. पण जमाखर्चात नवीन कल्पना सुचू लागल्या तर आयकर खात्याला त्या आवडतील का, ही शंका मनात राहिली ती राहिलीच.

गेलेल्या टेबलाविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्याला उजवीकडे तीन खण होते. वरच्या खणात शिक्के, शाईची गादी, टाचण्या आणि चष्म्याची जुनी काडी; मधल्या खणात चालू महिन्याची चलने; आणि खालच्या खणात, ज्याची किल्ली फक्त माझ्याजवळ असे, पित्ताच्या गोळ्या, जयसिंगपुरी भडंगाची पुडी, अंबाबाईचे कुंकू आणि एक जादा बनियन, कारण भट्टीजवळ जाऊन आलेल्या माणसाला त्याची गरज कधी पडेल हे सांगता येत नाही. आता या सर्व ऐवजासाठी मला भिंतीतील एक चौकोनी कप्पा मिळाला आहे. त्याचा क्रमांक २७ आहे आणि तो जमिनीलगत असल्यामुळे टाचणी हवी असली तरी मला गुडघे टेकावे लागतात. सकाळी कप्प्यातून संसार काढायचा, फळीवर मांडायचा आणि संध्याकाळी आवरून पुन्हा आत कोंबायचा, असे विंचवाचे बिऱ्हाड बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या पाठीवर आले आहे. ‘कोणीही कोठेही’ या नियमाचा खरा अर्थ, जो लवकर येतो तो काचेपासून दूर बसतो, एवढाच निघाला. मी गांधीनगरहून दोन चौकांतली कोंडी पार करून येतो, त्यामुळे काचेसमोरची खुर्ची कोणीही न ठरवता माझी ठरली.

माझे वडील गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांना कोणी मांडणीशास्त्र शिकवले नव्हते. पण त्यांची गादी अशा कोपऱ्यात होती की मान न वळवता त्यांना वजनाचा काटा, दार आणि तिजोरी एकदम दिसत असे. मांडीशी येणारे उतरते डेस्क, पाठीला तक्क्या, आणि डाव्या हाताला खिडकी. ‘‘उजेड डावीकडनं पाहिजे, म्हंजे लिहिणाऱ्या हाताची सावली आकड्यावर पडत न्हाई,’’ असे ते सांगत. संगणकालाही हेच लागू आहे. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीशी असली तर पडद्यावर खिडकीच दिसते, म्हणून ती बाजूला असावी, हे आज कोणताही जाणकार सांगेल. माझे जुने टेबल वडिलांच्या हिशेबाने, उत्तरेच्या खिडकीला डावी बाजू देऊन मांडलेले होते. उत्तरेची खिडकी आता प्लायवुडखाली गाडली गेली आहे, आणि त्या प्लायवुडवर इंग्रजीत ‘मोठे स्वप्न पाहा’ अशा अर्थाचे वाक्य प्रकाशमान अक्षरांत लावले आहे.

या किरणोत्सवाचा प्रसाद डिसेंबरात मिळाला. चाकणला माल निघाला होता. ड्रायव्हरने गाडीचा क्रमांक मोबाईलवर पाठवला आणि मी तो ई-वे बिलात, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, भरू लागलो. पण त्या वेळी किरणे मुखापर्यंत पोचलेली होती. मी एक डोळा मिटून, एका हाताची झडप करून, दुसऱ्या हाताने टंकत होतो. ‘एमएच ०९’ ऐवजी ‘एमएच ०८’ पडले आणि कोल्हापूरची गाडी कागदोपत्री रत्नागिरीची झाली. वाटेत तपासणी झाली. क्रमांकात एकदोन अंकांची चूक असेल तर माल न अडवता किरकोळ दंडावर सोडावे, असे सप्टेंबर २०१८ चे परिपत्रक असल्यामुळे केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे, अशा एक हजारावर सुटका झाली. तो हजार कोणत्या खात्यावर टाकावा, हा प्रश्न मला पडला. मी ‘कचेरी सजावट’ या खात्यावर टाकला. लेखापरीक्षकांनी विचारले तेव्हा मी त्यांना पावणेसहाला माझ्या खुर्चीवर बसवले, आणि त्यांनी पुढे काही विचारले नाही.

खुल्या कचेरीत सगळ्यांना सगळे दिसते, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो आम्हां कोल्हापूरकरांना नवा नाही. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग हे कुस्तीचे मैदान याच तत्त्वावर उभे आहे: मध्ये हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे हजारो माणसांतल्या शेवटच्या माणसालाही पैलवानाचा डाव दिसावा. विचारपूर्वक केलेली बांधणी म्हणतात ती हीच. फरक एवढाच की तेथे सर्वांनी पाहावे यासाठी पैलवान अंगाला तेल लावून स्वखुशीने उतरलेला असतो. मी ताळेबंद जुळवायला बसलेला असतो. काचेच्या केबिनमधून धाकटे मालक, जिन्यावरून येणारे पुरवठादार आणि पाण्याच्या यंत्रापाशी उभे असलेले उमेदवार मला पाहत असतात, आणि ज्याला सतत कोणी पाहत असते तो माणूस काम करण्यापेक्षा काम करताना दिसण्यात पटाईत होतो. मी आता विचार करीत असतानाही कीबोर्ड वाजवतो.

आवाजाचा प्रकार तर विचारू नये. भट्टीशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलणे जमत नाही. आमच्याकडे फाउंड्रीतला मुकादम ‘कानात सांगतो’ म्हणाला की पंचगंगेच्या घाटावर ऐकू जाते. पूर्वी हा आवाज भिंतीला धडकून बाहेरच राही. आता तो काचेवरून परत येतो आणि दुसऱ्यांदा ऐकू येतो. परिणामी सगळ्यांनी कानांत बोंडे घातली. डिस्पॅचचे दादा माझ्यापासून दहा फुटांवर बसतात. पूर्वी भिंतीपलीकडून ‘काय म्हंता’ म्हणून दिवसातून चारदा डोकावत, आता व्हॉट्सॲपवर संदेश पाठवतात आणि मी तो पाहिला की नाही हे मान वर करून पाहतात. मला वाटले, हा आमच्या गावचा विक्षिप्तपणा असेल. पण २०१८ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी, भिंती काढून खुली केलेल्या कचेऱ्यांतील माणसांच्या गळ्यात मोजणी करणारी उपकरणे अडकवून पाहिले, तर समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलेले आणि ईमेल वाढलेले आढळले. भिंत गेली की माणूस स्वतःभोवती स्वतःच भिंत उभी करतो, आणि ती पाडायला कोणत्याही कंत्राटदाराला सांगता येत नाही.

वातानुकूलनाची कथा थोडक्यात सांगतो. काचेमुळे मी भाजतो, आणि मला थंड करण्यासाठी सोडलेली हवा बरोबर पर्चेसच्या मॅडमच्या मानेवर पडते. त्या एप्रिलमध्येही सोलापुरी चादर पांघरून दरपत्रके पाहत असतात. कचेऱ्यांच्या तापमानाचे जुने प्रमाण सत्तर किलो वजनाच्या चाळिशीतल्या पुरुषाला गृहीत धरून ठरवले गेले होते, असे २०१५ साली डच संशोधकांनी दाखवून दिले. आमच्याकडे तो पुरुष कोण हे शोधावे लागत नाही, कारण रिमोट त्याच्याच केबिनमध्ये असतो.

आता शिपाई मामांविषयी. नव्या मांडणीत चहाची जागा वरच्या मजल्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या पलीकडे ठेवली होती. तेथे एक यंत्र आहे. बटण दाबले की ते गुरगुरते आणि चहासारखे काहीतरी देते. मामांनी आठवडाभर ते सोसले. मग एके सकाळी त्यांनी खालच्या स्टोअरमधून जुने लाकडी बाकडे उचलले, ते स्टोअरहून हिशेबाकडे येणाऱ्या जिन्याच्या वळणावर ठेवले, शेजारी स्टुलावर स्टीलचा मोठा थर्मास मांडला आणि त्याला कागदी कपांची चवड टेकवली. कोणालाही विचारले नाही. ‘‘हितं समदी येत्यात जात्यात, म्हून ठेवलं,’’ एवढेच त्यांचे निवेदन होते. अमेरिकेतील एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७७ साली, दोन माणसांच्या जागांतील अंतर वाढले की त्यांचे बोलणे झपाट्याने कमी होते आणि पन्नास मीटरच्या पुढे जवळपास संपतेच, असा आलेख मांडला होता. मामांनी आलेख पाहिलेला नाही. त्यांनी जिना पाहिला.

त्या बाकड्याने काय केले ते एका उदाहरणावरून कळेल. चाकणच्या गिऱ्हाईकाने बत्तीस नग नाकारून परत पाठवले होते. ओतकामात छिद्रे पडली होती. दोष वाळूचा की वितळलेल्या धातूचा, आणि खर्च कोणत्या विभागावर टाकायचा, यावर चार दिवसांत माझ्याकडे एकोणीस ईमेल जमले, ज्यांतल्या शेवटच्या तिन्हींची सुरुवात ‘मागील ईमेल पाहावा’ अशी होती. पाचव्या दिवशी मुकादम, क्वालिटीची मुलगी आणि मी, तिघे योगायोगाने एकाच वेळी जिन्याच्या वळणावर भेटलो. मुकादमाने खिशातून कागदात गुंडाळलेला तुकडा काढला, तो बाकड्यावर ठेवला आणि बोटाने छिद्र दाखवले. क्वालिटीच्या मुलीने तो उजेडाकडे धरला, ‘‘मुकादम, ही वाळू ओली हाय,’’ म्हणाली, आणि मुकादमाने सत्तावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच हळू आवाजात ‘‘व्हय,’’ म्हटले. माझा चहा संपायच्या आत नोंद कोठे करायची ते ठरले. त्या बाकड्याला वातानुकूलन नाही, काच नाही, प्रकाशमान अक्षरे नाहीत. जिन्याची भिंत मात्र पाठ टेकण्यापुरती आहे, आणि तेथे बसलेला माणूस कोणालाही दुरून दिसत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या कचेरीची छायाचित्रे काढण्यासाठी सजावटकार आले आणि ते बाकडे त्यांच्या दृष्टीस पडले. ‘‘हे काय आहे? हे हलवा,’’ असे त्यांनी मामांना सांगितले. मामांनी थर्मास उचलला, बाकड्याखाली ठेवला आणि आपण बाकड्यावर बसले. माणूस बसलेले बाकडे हलवणे अवघड असते. सजावटकारांना चौकटीत काम करणारी माणसे हवी होती, म्हणून धाकटे मालक स्वतः माझ्या खुर्चीवर बसले आणि प्रसन्न मुद्रेने माझ्या पडद्याकडे पाहू लागले. उजेड चांगला आहे, असे छायाचित्रकार म्हणाला. तेव्हा पाच वीस झाले होते.

मी जिन्याच्या वळणावर गेलो. तेथून वळून पाहिले तर फळीच्या कडेवरून किरणे धाकट्या मालकांच्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीवर आली होती आणि त्यांनी नकळत खुर्ची थोडी मागे सरकवली होती.

‘‘मामा, बोलवायचं का त्यांना?’’ मी विचारले.

मामांनी मान लांब करून पाहिले आणि बाकड्याखालचा थर्मास बाहेर काढला. ‘‘अजून गळ्यापातूर बी आलं न्हाई, सायेब. बसा, च्या घ्या.’’